मला काही नको

दिवाळीचा पाडवा चार दिवसांवर आला, की आमच्या आळीत घरोघरी एकच संवाद ऐकू येतो. नवरा विचारतो, "यंदा ओवाळणी काय हवी?" आणि बायको कढईतल्या चकल्यांवरची नजर न काढता म्हणते, "मला काही नको." लग्नाला वर्ष-दोन वर्षेच झाली आहेत असे भाबडे पुरुष या उत्तरावर विश्वास ठेवतात. पाडव्याला त्यांच्या बायकोच्या तबकात सुपारी आणि एकशे एक रुपये पडतात, आणि मग भाऊबिजेपर्यंत त्या घरातले बोलणे सासूबाईंच्या मध्यस्थीने चालते. मुरलेले नवरे मात्र 'काही नको' हे शब्द कानांवर पडताच उठून पायांत चपला सरकवतात.

हे 'काही नको' गमतीचे. त्यात मागणे असते, फक्त ते ओठांवर आणायचे नसते. आपल्या मनातले समोरच्याने न सांगता ओळखावे, ही मागणी कुठल्याही पैठणीहून महाग. पण ती मागणी आहे, आणि जिथे मागणे आहे तिथे जीव गुंतलेला आहे, म्हणून मला तिची भीती वाटत नाही. भीती वाटते ती दुसऱ्या 'काही नको'ची. संसारात वीस-पंचवीस वर्षे काढल्यावर काही बायका, आणि काही पुरुषसुद्धा, अशा ठिकाणी जाऊन पोचतात की त्यांना समोरच्या माणसाकडून खरोखरीच काही नको असते. ते देतात, देतच राहतात. घ्यायची वेळ आली की दोन्ही हात मागे घेतात. त्यांना आपण देवमाणूस म्हणतो. मला मात्र अशा देवमाणसांच्या घरी चहा पिताना सुद्धा घास अडकल्यासारखे होते.

गेल्या हिवाळ्यात एका गावच्या ग्रंथालयात माझे व्याख्यान होते. व्याख्यान संपल्यावर एक नवी लग्न झालेली मुलगी उभी राहिली. हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. तिने विचारले, "बाई, नवराबायकोचं प्रेम खरंच निःस्वार्थ असू शकतं का हो?" तिच्या शेजारी बसलेला तरुण, बहुधा तिचा नवराच, एकदम छताच्या पंख्याकडे पाहू लागला. मी काही बोलणार तोच आभारप्रदर्शन करणारे गृहस्थ कागद उलगडून पुढे आले, आणि तिचे उत्तर राहून गेले. ते आता देते. मुलगी हे वाचील असे नाही, पण प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता हे सभागृहातल्या शांततेवरूनच कळले होते.

आम्हा कादंबरीवाल्यांना निरपेक्ष प्रेम फार सोयीचे पडते. नायक एक अक्षर न बोलता गाव सोडून जातो, नायिका जन्मभर देवघरातल्या समईसारखी तेवत राहते, आणि शेवटची दोन प्रकरणे लिहायचा त्रास वाचतो. पण त्याच नायकाचे तिच्याशी लग्न लावून द्या, दोघांना दोन खोल्यांत बिऱ्हाड करून द्या, पहाटे साडेपाचला येणाऱ्या नळाला पाणी भरायला कोणी उठायचे ते ठरवू द्या, आणि मग पाहा निरपेक्षता किती दिवस टिकते ते! मला वाटते, ती टिकत नाही हेच बरे आहे. पण हे नुसते म्हणून भागणार नाही.

वटपौर्णिमेला आमच्या शाळेतल्या मुली दरवर्षी सावित्रीची गोष्ट सांगतात. गोष्ट सगळ्यांना पाठ. पण महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला ती सांगतात तेव्हा त्यांत जी एक बारीक हुशारी आहे, तिच्याकडे मुलींचे क्वचितच लक्ष जाते. सत्यवानाचे प्राण घेऊन निघालेल्या यमाच्या मागे सावित्री चालत राहते. तिच्या बोलण्यावर खूश होऊन यम एकेक वर देतो, सत्यवानाचे जीवित सोडून काहीही माग म्हणतो. पहिल्या वराने ती सासऱ्याची दृष्टी मागते, दुसऱ्याने त्याचे गेलेले राज्य, तिसऱ्याने आपल्या बापासाठी शंभर मुलगे. इथवर सगळे दुसऱ्यांसाठी. चौथा वर ती मागते तो मात्र स्वतःसाठी: सत्यवानापासून आपल्याला शंभर मुलगे व्हावेत! यम देऊन बसतो. पाचव्या खेपेला सत्यवानाचे जीवित वगळण्याची अट घालायलाही तो विसरतो, आणि सावित्री नवरा मागून घेते. नवऱ्यावाचून दिलेला चौथा वर खोटा ठरेल, हेही त्याला ती ऐकवते.

म्हणजे सत्यवान परत आला तो सावित्रीने स्वतःसाठी पदर पसरला म्हणून. "माझे आयुष्य घे पण त्याला जगव," असे ती कुठेही म्हणत नाही. तिला तो हवा आहे, त्याच्याबरोबरचा संसार हवा आहे, आणि हवे आहे हे मृत्यूच्या देवतेसमोर सांगायला तिला संकोच वाटत नाही. जी गोष्ट आपण पातिव्रत्याची परमावधी म्हणून बायकांना शतकानुशतके सांगत आलो, तिच्या ऐन मध्यावर एका बाईचे स्वतःसाठीचे मागणे बसलेले आहे. वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायकासुद्धा शेवटी मागणेच मागतात. सात जन्मांचे मागतात.

त्याच महाभारतात गांधारी आहे. आंधळ्या नवऱ्याला आपल्याला देणार हे कळताच, त्याच्याहून आपण वरचढ राहू नये, त्याला कधी उणे लेखू नये, म्हणून तिने डोळ्यांवर पट्टी बांधली. त्यागच म्हणाल तर याहून मोठा त्याग कुठला? पण माझ्यातली संसारी बाई विचारते, त्या घराला दोन डोळसांची गरज होती की दोन आंधळ्यांची? धृतराष्ट्राला राज्यकारभाराचे कागद दुसऱ्या कोणी वाचून दाखवले असतील. मुलांचे चेहरे कसे बदलत चालले आहेत हे मात्र त्याला कोणी सांगितले? आणि ते सांगायला हवे होते म्हणून "सोड ती पट्टी" असे तिला हक्काने म्हणणार तरी कोण? ती तर त्याच्यासाठीच बांधलेली होती. दुसऱ्यासाठी केलेल्या त्यागाची हीच खोड आहे. एकदा केला, की त्याच्याविरुद्ध बोलायची सोय राहत नाही.

याज्ञवल्क्यांचे नावही या प्रश्नात घ्यायलाच हवे. बृहदारण्यक उपनिषदात ते घर सोडून निघतात तेव्हा मैत्रेयीला सांगतात, की नवरा, बायको, मुले, धन, जे जे आपल्याला प्रिय असते ते त्यांच्यासाठी नव्हे, तर आत्म्यासाठी प्रिय असते. 'आत्मा' म्हणजे आपला एवढासा 'मी' नव्हे, असे शास्त्रीमंडळी लगेच बजावतात, आणि ते बरोबरच असेल. पण हे उत्तर घर सोडून जाणाऱ्या माणसाचे आहे, हेही विसरून चालत नाही. मैत्रेयीच्या वाट्याला ब्रह्मज्ञान आले. दुसरी बायको कात्यायनी मागे राहिली, आणि तिला काय हवे होते हे त्या संवादात कोणी विचारलेलेच नाही.

पुराणातून जरा अलीकडे येते. आपल्या भाषेत नवराबायकोच्या नात्यावर जे काही लिहिले गेले, त्यात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'च्या तोडीचे मला दुसरे सापडत नाही. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची बायको झाली. टिळक मोठे कवी, मोठ्या मनाचे. हातात पैसा टिकायचा नाही, पाय घरात ठरायचा नाही. दुसऱ्याचे दुःख दिसले की घरातले उचलून द्यायचे. माणूस संतांच्या पंगतीतला. आणि संताच्या पंगतीत वाढायला उभी राहते ती त्याची बायको! जगाला निःस्वार्थ दिसणाऱ्या पुष्कळ माणसांचे बिल त्यांच्या स्वयंपाकघरात चुकते केले जाते, हे 'स्मृतिचित्रे' वाचताना पानोपानी जाणवते; आणि लक्ष्मीबाई ते कुरकुरत सांगत नाहीत, हसत हसत सांगतात.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. सत्य सापडले म्हणून घेतली. त्यात त्यांचा स्वार्थ काय होता? उलट जात गेली, नातलग गेले, बायको-मुलगा दुरावले. पुढली चार-पाच वर्षे लक्ष्मीबाई नातलगांच्या आसऱ्याने लहान मुलाला घेऊन राहिल्या. त्या काळात दुसरी कोणी असती तर तिने दोनांपैकी एक केले असते. एक तर नवऱ्याच्या नावाने आंघोळ केली असती, नाही तर 'ते म्हणतील ते प्रमाण' म्हणून डोळे मिटून पाठोपाठ गेली असती. लक्ष्मीबाईंनी यातले काहीच केले नाही. नवरा आपला आहे, तो आपल्याला हवा आहे, आणि त्याचा धर्म आपल्याला नको आहे, या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी सांभाळल्या. त्यांच्याकडे राहायला गेल्या तेव्हाही प्रथम आपले सोवळे सांभाळून राहिल्या. जातिभेद माणसांनी केलेला आहे हे स्वतःच्या डोक्याने पटले, तेव्हाच पाऊल पुढे टाकले, आणि १९०० साली स्वतः दीक्षा घेतली. त्यानंतरही भांडणे थांबली नाहीत, हे फार महत्त्वाचे. १९१९ साली टिळक गेले. त्यांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे लिहायला घेतले. ज्या बाईने जन्मभर नवऱ्याशी हिशेब मांडला, तिनेच त्याचे उरलेले काम अंगावर घेतले, याचे मला काडीचे आश्चर्य वाटत नाही. हिशेब मांडणारा माणूसच शेवटपर्यंत भागीदार राहतो.

आमच्या आळीच्या टोकाला एक काकू राहत असत. त्यांच्या यजमानांना पक्षाघात झाला आणि अकरा वर्षे ते खाटेवर होते. वाचा गेली होती, उजवे अंग गेले होते. येणारी-जाणारी माणसे काकूंना म्हणत, "तुम्ही म्हणून करता हो, आजच्या काळातली सावित्री." काकूंना हे शब्द विषासारखे लागत. एकदा मी भाजी निवडायला त्यांच्या ओसरीवर बसले असताना असेच कोणी म्हणून गेले, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "सेवा कसली डोंबलाची! मला ह्यांच्याशी भांडायचं असतं गं. पन्नास वर्षांची भांडणं शिल्लक आहेत. हे गेले तर मी कुणाशी भांडू?" आणि खरोखरच त्या भांडत. काका डाव्या हाताने खाटेच्या कडेवर थाप मारीत. एक थाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. दुपारी जेवणे झाल्यावर दोघे पत्ते खेळत, बदाम सात. काकांचे पत्ते एका लाकडी चौकटीत खोचून ठेवलेले असत आणि ते डाव्या हाताने एकेक ओढीत. त्यात ते लबाडी करीत, सत्ती दाबून ठेवीत, आणि काकू ओरडत, "आजारी माणसानं तरी खोटं खेळू नये!" त्यावर खाटेवर दोन थापा पडत. काका गेले तेव्हा समाचाराला आलेल्या एका बाई म्हणाल्या, "सुटलात हो दोघंही." काकूंनी त्या बाईंना पुन्हा उंबरठा चढू दिला नाही.

त्या अकरा वर्षांत काकूंनी काय दिले ते सगळ्यांनी पाहिले. त्यांनी रोज दुपारी काय घेतले, ते फारसे कोणी पाहिले नाही. आणि मला वाटते काका अकरा वर्षे जगले ते त्या घेण्यामुळे. नुसती सेवा करून घेणाऱ्याला आपण ओझे आहोत हे विसरता येत नाही. पण ज्याची सत्ती कोणाला तरी हवी आहे, त्याला ते दुपारपुरते तरी विसरता येते.

आता घरचे सांगते. हे सांगावे की नाही याचा बरेच दिवस विचार केला, पण काकूंचे सांगून स्वतःचे झाकून ठेवणे बरे दिसणार नाही.

मी वाईला शाळेत शिकवते. आमचे हे सरकारी नोकरीत आहेत, आणि खात्याचे नाव सांगण्यात काही अर्थ नाही. आमच्यासारख्या संस्थेच्या शाळेत बदली नसते; गाव सोडले की नोकरी सुटते, आणि दुसरीकडे नव्याने मिळणे किती कठीण ते शिक्षकांच्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. २०१४ च्या पावसाळ्यात यांना बढती आली होती आणि ती नागपूरला होती. यांनी नको म्हणून लिहून दिले. माझ्याजवळ एक शब्द काढला नाही. मला हे कळले २०२३ साली, साताऱ्याला यांच्या एका सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या समारंभात. जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ मोठ्या कौतुकाने म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी यांनी नागपूर सोडलं बरं का! असा नवरा मिळायला भाग्य लागतं." सगळ्यांनी माझ्याकडे भाग्यवतीकडे पाहावे तसे पाहिले. माझ्या पानात श्रीखंड होते; ते तसेच राहिले.

परतीच्या एस.टी.त पाचवडचा फाटा येईपर्यंत मी बोलले नाही. बोलले तेव्हा आवाज चढला होता, आणि पुढच्या बाकावरच्या म्हातारबुवांनी मागे वळून पाहिले. मला राग कशाचा आला होता? नवऱ्याने आपल्यासाठी मोठे पद सोडले याचा कोणाला राग येतो? पण आला होता. नऊ वर्षे मी एका कर्जात होते आणि कर्ज काढल्याचेच मला माहीत नव्हते. त्या नऊ वर्षांत मी यांच्याशी भांडले होते, यांच्या घुमेपणाला नावे ठेवली होती, दोनदा माहेरी जाऊन आठ-आठ दिवस राहिले होते. आणि हे सगळे ज्याच्याशी केले तो माणूस उराशी एक मोठा त्याग बाळगून गप्प होता! आता ती सगळी भांडणे मागे जाऊन मला पुसावी लागणार की काय? शिवाय, मला विचारले असते तर मी काय म्हटले असते, ते तेव्हाच्या माझे मला तरी ठाऊक होते का? कदाचित म्हटले असते, चला नागपूरला, शाळा गेली तर गेली. कदाचित म्हटले असते, तुम्ही जा, मी येत नाही. ते म्हणण्याची माझी पाळी होती आणि ती मला न सांगता यांनीच खेळून टाकली.

तीन दिवस घरात समारंभ होता म्हणायचा, कोणी कोणाशी बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे मला गणपती घाटावर घेऊन गेले. पायऱ्यांवर बसल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले, "खरं सांगू? तुझी शाळा होतीच. पण मला नदी सोडवेना."

"म्हणजे?"

"म्हणजे हे सगळं. सकाळी पाच वाजता इथं येणं. नागपूरला जाऊन मी पाच वाजता काय करू? आणि तिथला उन्हाळा! तुझं नाव पुढं केलं की कचेरीत कुणी जास्त विचारत नाही. नदीसाठी बढती सोडली म्हटलं असतं तर हसले असते सगळे."

मला इतके हसू आले की शेजारी दिवा सोडायला आलेल्या बायका पाहू लागल्या. नऊ वर्षांचे कर्ज एका वाक्यात निम्म्यावर आले होते. या माणसाने माझ्यासाठी काही सोडले होते, आणि स्वतःसाठी काही धरलेही होते! जे धरले होते ते आमच्या समोरून वाहत होते, त्यात माझाही वाटा होता, मीही तिथे बसले होते. त्यागाच्या समोर बसता येत नाही. त्याच्यापुढे हात जोडून उभे राहावे लागते. आवडीच्या शेजारी मात्र पाय सोडून बसता येते.

पण बायकोचे मन! रात्री अंथरुणावर पडल्यावर शंका आली. ही नदी यांनी माझ्या समाधानासाठीच शोधून काढली नसेल कशावरून? मला कर्ज जड झाले हे पाहून त्यांनी स्वतःला मुद्दाम स्वार्थी म्हणवून घेतले असेल, तर हा त्यागावर आणखी एक त्याग! असल्या माणसाचे काय करायचे? दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर मी माळ्यावर चढले. यांना एक सवय आहे. घाटाच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत ते रोज मोजायचे आणि घरी येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायचे. जुन्या दिनदर्शिका हे टाकू देत नाहीत. त्याच्यावरूनही आमची भांडणे झालेली आहेत. मी २०११ ची काढली, २०१२ ची काढली. प्रत्येक चौकोनात आकडा होता. २०१३ च्या जुलैत काही चौकोनांत आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ होती, म्हणजे पाणी वरपर्यंत आलेले. यांना ताप आला होता त्या आठवड्यातसुद्धा आकडे होते. म्हणजे मला 'जरा पडून राहतो' सांगून हे माझी पाठ वळताच घाटावर गेले होते. त्या धुळीने भरलेल्या माळ्यावर बसून मी ती खोटी आजारी पाने पुन्हा पुन्हा पाहिली. नदीचे प्रेम खरे होते. माझ्या आधीपासूनचे नसले, तरी नागपूरच्या आधीपासूनचे होते.

तेव्हा त्या ग्रंथालयातल्या मुलीला माझे उत्तर असे आहे, की बाई गं, निःस्वार्थ प्रेम असते की नाही ते मला सांगता यायचे नाही. पण नवऱ्याने तुझ्यासाठी काही सोडले, तर त्यात त्याचे स्वतःचे काय होते ते शोधून काढ, आणि सापडले तर नाराज होऊ नकोस. आणि स्वतः काही सोडशील तेव्हा त्याला विचारल्याशिवाय सोडू नकोस. त्याचीही पाळी असते.

हे मी एवढ्या ठामपणे लिहिते आहे खरी, पण परीक्षा अजून व्हायची आहे. यंदा नवरात्राच्या सुमारास यांना पुन्हा बढतीचा कागद आला, आणि पुन्हा तो नागपूरचाच आहे. या वेळी यांनी तो जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "वाच. आणि तुला काय हवं ते सांग. मोठेपणा करू नकोस." या वेळचे काम यांच्या मनासारखे आहे, हे मला न सांगता दिसते आहे. नदी आहे तशीच आहे, पण पन्नाशी जवळ आल्यावर माणसाला आपल्या हातून एखादे मोठे काम व्हावेसे वाटू लागते. मला शाळा सोडायची नाही. आमच्या मुलीचे बारावीचे वर्ष आहे. माझी एक कादंबरी अर्ध्यावर आहे आणि तिला या घराची खिडकी लागते.

"तुम्ही जा, माझं काय!" हे वाक्य माझ्या जिभेवर दोनदा येऊन गेले. किती सोपे वाक्य आहे ते! आईकडून, आजीकडून, तिच्या आईकडून चालत आलेले. मी ते गिळले आणि एक कागद घेतला. त्यावर मला काय काय हवे ते लिहिले. यांनी दुसऱ्या कागदावर यांचे लिहिले. माझ्या यादीत सहा कलमे आहेत. महिन्यातून एकदा घरी यायचे, हे पहिले. दुसरे आणि तिसरे पैशांचे आणि मुलीच्या पुढल्या शिक्षणाचे. चौथे असे आहे: 'तुम्ही गेलात तर मला तुमचा राग येईल आणि तो मी लपवणार नाही.'

हे कलम वाचून हे दोन दिवस गप्प होते. उत्तर द्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. काल सकाळी घाटावरून आल्यावर यांनी माझा कागद पुन्हा हातात घेतलेला मी स्वयंपाकघरातून पाहिला. हे कचेरीत गेल्यावर उघडून पाहिले, तर चौथ्या कलमापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती, आणि तिच्या खाली, सवयीने, पायऱ्यांचा आकडा लिहिलेला होता: १४.